घरचा कारभार आणि देशाचे बंड

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची हकीकत आपल्याकडे ज्या क्रमाने शिकवली जाते त्यात कायद्यामागून कायदा येतो आणि सभेमागून सभा भरते. १७६५ चा मुद्रांक कायदा, १७७३ मधील बोस्टन बंदरातला चहा, १७७५ ची लेक्झिंग्टनची चकमक आणि १७७६ चा जाहीरनामा एवढे सांगून झाले की विषय संपला असे मानण्यात येते. यात खोटे काही नाही. परंतु ज्यांनी हे बंड केले ते लोक साऱ्याखाली पिचलेले किंवा अन्नाला महाग झालेले नव्हते, ही गोष्ट या क्रमातून उलगडत नाही. तेरा वसाहतींतील गोऱ्या शेतकऱ्यावरील करांचा बोजा खुद्द इंग्लंडातील रयतेच्या मानाने पुष्कळच हलका होता. जमीन त्याच्या आवाक्यात होती, सरपण मुबलक होते आणि युरोपातील कुळांना दुर्मीळ असलेले मांस त्याच्या पानात नित्य पडत होते. अशा खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसाने, रत्तलामागे तीन पेन्स जकातीसाठी, जगातील सर्वांत बलाढ्य आरमाराच्या धन्याशी वैर का पत्करावे?

याचे एक उत्तर तत्त्वज्ञानाचे अभ्यासक देतात: इंग्रज तत्त्वज्ञ लॉकच्या ग्रंथांतून संमतीचा सिद्धांत समुद्रापार गेला आणि तेथे रुजला. दुसरे उत्तर अर्थशास्त्राच्या बाजूने येते: चोरट्या व्यापारावर पोसलेले बोस्टनचे सावकार आणि लंडनच्या पेढ्यांच्या कर्जात बुडालेले व्हर्जिनियाचे जमीनदार यांना आपला तोटा टाळायचा होता. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण लॉक वाचणारे थोडे होते, आणि सावकाराच्या नफ्यासाठी खेड्यातला लोहार आपली भट्टी विझवून बंदूक घेत नसतो. मला असे वाटते की या बंडाचे मूळ घराच्या कारभारात आहे. वसाहतीतील घर हे सर्वांत लहान राज्य होते, त्या राज्यावरचा आपला अंमल कोणी हिरावून घेईल या भयाने घरधनी उठले. आणि घरातल्या वस्तू त्यांनी एकदा सार्वजनिक वादाचा विषय केल्यावर, त्याच घरात त्यांच्या अंमलाखाली राबणाऱ्या माणसांनी तोच वाद त्यांच्यासमोर मांडला. बंडाचा हा दुसरा भाग पहिल्याइतकाच खरा आहे, आणि तो गाळून लिहिलेला इतिहास अर्धा आहे असेच मी म्हणेन.

तेव्हाचे घर म्हणजे नुसते राहण्याचे ठिकाण नव्हते. चांभाराचे दुकान, विणकराचा माग, मेणबत्त्या ओतण्याची कढई, लोण्याची घुसळण हे सारे एकाच छपराखाली असे. आणि त्या छपराखाली धन्याची पत्नी व मुले, काम शिकायला राहिलेली उमेदवार पोरे, समुद्रप्रवासाच्या भाड्यापोटी चार ते सात वर्षांच्या कराराने बांधले गेलेले चाकर, आणि दक्षिणेत सर्रास तर उत्तरेतही पुष्कळ ठिकाणी, आफ्रिकेतून आणलेले गुलाम राहत असत. रोकड फार थोडी खेळे. शेजाऱ्याचे लाकूड, वैद्याची भेट, घोड्याची नालबंदी यांची नोंद वहीत होई आणि पुढे वर्षानुवर्षे धान्याने किंवा श्रमाने ती फिटे. न्यू इंग्लंडातील गावसभेत हेच घरधनी जमत आणि रस्ता कोणी दुरुस्त करायचा, पाद्र्याला वेतन किती, निराधार म्हातारीला कोणी पोसायचे, येथपासून ते मोकाट डुकरे अडवणारा आणि कुंपणे तपासणारा अंमलदार कोण, येथपर्यंत सारे मतांनी ठरवीत. संमतीवाचून कर नाही हे तत्त्व त्यांनी ग्रंथांतून घेतले असे म्हणण्यापेक्षा, दर वर्षी गावसभेत त्यांनी ते आचरले होते आणि ग्रंथांत पुढे त्याला दुजोरा मिळाला, असे म्हणणे सत्याला अधिक धरून होईल.

या जीवनक्रमात मुद्रांक कायदा कोठे शिरला हे पाहण्यासारखे आहे. फ्रेंचांशी झालेल्या युद्धाने इंग्लंडावर कर्जाचा डोंगर झाला होता आणि नव्या मुलखात ठेवलेल्या फौजेचा खर्च काही अंशी वसाहतींनी सोसावा अशी पार्लमेंटची मागणी होती. मागणी अगदीच अवाजवी होती असे नाही. परंतु कर बसला तो कागदावर. जमिनीचे खरेदीखत, कोर्टातला अर्ज, गहाणखत, दारूच्या गुत्त्याचा परवाना, वर्तमानपत्र, पंचांग, इतकेच काय पण पत्त्यांचा जोड, यांपैकी काहीही मुद्रांकावाचून वैध नव्हते. आणि तो मुद्रांक दुर्मीळ असलेल्या रोख चलनात घ्यावयाचा होता. शेजाऱ्याशेजाऱ्यांतील विश्वासावर आणि वहीतील नोंदीवर चाललेल्या व्यवहारात, कधी न पाहिलेल्या एका सत्तेचा हात याप्रमाणे प्रत्येक दस्तऐवजावर येऊन पडला. १४ ऑगस्ट १७६५ रोजी बोस्टनमध्ये मुद्रांकाचा नियोजित अधिकारी अँड्र्यू ऑलिव्हर याची प्रतिमा झाडाला टांगण्यात आली आणि १२ दिवसांनी जमावाने उपगव्हर्नर थॉमस हचिन्सन याचे घर भिंतीवरच्या लाकडी तक्त्यांसकट उद्ध्वस्त केले. त्याने परिश्रमाने लिहीत आणलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या इतिहासाचे हस्तलिखित रस्त्यावरच्या चिखलात फेकले गेले. घराच्या प्रतिष्ठेसाठी जे लोक लढत असल्याचे मी म्हणतो, त्यांनीच दुसऱ्याचे घर असे धुळीला मिळवावे, ही विसंगती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पुढच्या वर्षी मुद्रांक कायदा रद्द झाला. १७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसली. येथून बंडाने जे वळण घेतले ते आपल्या वाचकांना परके वाटणार नाही, कारण परदेशी कापडावरील बहिष्कार आणि घरचे सूत यांचे सामर्थ्य आपणही अनुभवलेले आहे. विलायती माल न घेण्याचे करार बंदराबंदरांत झाले. गावोगाव स्त्रिया पाद्र्याच्या घरी आपापले चरखे घेऊन जमू लागल्या आणि दिवसभर कातलेल्या लडी मोजून पाद्र्याच्या हवाली करू लागल्या. न्यूपोर्टचा विद्वान पाद्री एझ्रा स्टाइल्स याच्या घरी अशा बैठका भरल्या. १७६८ साली हार्वर्डचे पदवीधर पदवीदानाला घरच्या सुताच्या कपड्यांत आले. जाडेभरडे कापड हे तोपर्यंत दारिद्र्याचे लक्षण होते. ते प्रतिष्ठेचे झाले. त्या सर्व चरख्यांवर निघालेल्या सुताने विलायती आयातीची भरपाई होणे शक्यच नव्हते, हे हिशेबी माणसाचे म्हणणे मला मान्य आहे. पण ज्या कामाची गणना धनी आपल्या वहीतसुद्धा करीत नव्हता ते काम आता वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले, कातणाऱ्या स्त्रीला आपल्या बोटांतून काही राष्ट्रीय कार्य होत आहे असे प्रथमच वाटले, आणि ही गोष्ट कापडाच्या वारांत मोजता येत नाही.

बोस्टनमध्ये १७६८ पासून लष्कर येऊन बसले होते, आणि तेथेही ठिणगी पडली ती भाकरीवरून. शिपायांचा पगार अपुरा असल्याने फुरसतीच्या वेळी ते कमी मजुरीवर शहरात कामे धरीत, आणि गोदीवरच्या गरीब मजुराचा रोज त्यामुळे बुडे. २ मार्च १७७० रोजी जॉन ग्रे याच्या दोरखंडांच्या कारखान्यात एक शिपाई काम मागण्यास गेला. तेथल्या कामगाराने त्याला, काम हवे तर माझा संडास साफ कर, असे सुनावले. शिपाई चिडला, मार खाऊन परतला, सोबत्यांना घेऊन आला. दांडकी आणि सोटे यांची मारामारी झाली. तीन दिवसांनी जकात कचेरीसमोर गोळीबार होऊन पाच माणसे मेली. त्यांत मिश्र वंशाचा खलाशी क्रिस्पस अटक्स होता, आणि याच कारखान्यातला सॅम्युअल ग्रे होता. खटल्यात मनुष्यवधाबद्दल दोषी ठरलेल्या दोघा शिपायांपैकी मॅथ्यू किलरॉय हा त्या मारामारीत सामील होता. इतिहासाने या घटनेला कत्तल म्हटले, पुढाऱ्यांनी तिची वार्षिक पुण्यतिथी पाळली. परंतु तिच्या मुळाशी, अर्ध्या मजुरीसाठी आलेला एक परका गरीब आणि ती मजुरी गमावण्याच्या धाकात असलेला एक स्थानिक गरीब, या दोघांचे भांडण होते.

चहाची कथा तर आपल्याशी थेट बांधलेली आहे. बंगालच्या दिवाणीवर गबर होण्याऐवजी ईस्ट इंडिया कंपनी कर्जबाजारी झाली. १७७० च्या भीषण दुष्काळाने बंगाल ओस पडत असताना तिचे नोकर धनाढ्य होत होते आणि लंडनच्या वखारींत लक्षावधी रत्तल चहा पडून राहिला होता. त्या कंपनीला तारण्यासाठी पार्लमेंटने १७७३ च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांच्या अंतराने दोन कायदे केले. एकाने तिला अमेरिकेत स्वतःच्या दलालांमार्फत चहा विकण्याची सवलत दिली. दुसऱ्याने, म्हणजे रेग्युलेटिंग ॲक्टने, मुंबईकर इंग्रजांच्या युद्ध व तह करण्याच्या अधिकारावर कलकत्त्याची देखरेख बसवली. राघोबादादांशी मुंबईने केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने नामंजूर करून १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला तो याच अधिकाराच्या जोरावर. एकाच दिवाळखोर तिजोरीपायी पुण्याचा दरबार आणि बोस्टनची गावसभा एकाच वेळी गुंतली होती, ही गोष्ट आपल्या इतिहासकारांनी अधिक ठळकपणे मांडायला हवी होती. फिलाडेल्फियाचा कायदेपंडित जॉन डिकिन्सन याने १७७३ सालीच लिहिलेल्या पत्रकात कंपनीने हिंदुस्थानात काय केले याचा दाखला दिला आहे: ज्यांनी तेथे धान्य कोंडून माणसे मरू दिली, त्यांच्या हाती आपला बाजार द्यायचा काय, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. चहा स्वस्त होणार असूनही अमेरिकनांनी तो नाकारला, याचे कारण या भयात आहे. बोस्टनला कंपनीचा माल घेणाऱ्या दलालांत हचिन्सनचे, आता गव्हर्नर झालेल्या हचिन्सनचे, दोन पुत्र होते. चहा घेऊन आलेली जहाजे परत पाठवण्यास गव्हर्नरने परवाना नाकारला, जकातीची मुदत भरत आली, आणि १६ डिसेंबरच्या रात्री सुमारे ९२,००० रत्तल चहा समुद्रात गेला. त्या रात्री चहा अंगरख्यात लपवू पाहणाऱ्याला सोबत्यांनीच पकडून हाकलले; फुटलेले एक खासगी कुलूप पुढे भरून देण्यात आले.

परंतु त्याच जहाजांपैकी ‘डार्टमथ’मधून आणखी एक माल बोस्टनला आला होता, आणि तो सुखरूप उतरला. लंडनमध्ये नुकत्याच छापलेल्या एका काव्यसंग्रहाच्या त्या प्रती होत्या. कवयित्री फिलिस व्हीटली ही सात-आठ वर्षांची असताना आफ्रिकेतून आणून बोस्टनच्या धक्क्यावर विकली गेलेली होती. एका गलबतात, ज्यावर कर देणे म्हणजे गुलामी असे गोरे नागरिक म्हणत होते तो चहा होता, आणि जिला गुलामी म्हणजे काय हे सांगण्यासाठी अलंकाराची गरज नव्हती तिचे पुस्तक होते. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील गुलामांनी मुक्ततेसाठी गव्हर्नर व विधिमंडळ यांच्याकडे अर्ज केले. आपल्याजवळ मालमत्ता नाही, पत्नी नाही, मुले नाहीत, असे त्यांपैकी एका अर्जात नमूद आहे. घरधन्याची भाषा घरातल्या सर्वांत खालच्या माणसाने उचलली होती. अर्ज दप्तरात पडून राहिले आणि मुक्तता मिळाली नाही.

बंडाचे तेज मला सर्वाधिक जाणवते ते चहाच्या रात्रीपेक्षाही ६ सप्टेंबर १७७४ या दिवशी, वूस्टर गावी. चहाच्या त्या रात्रीची शिक्षा म्हणून पार्लमेंटने मॅसॅच्युसेट्सची सनद मोडून गावसभांना गव्हर्नरच्या परवानगीवाचून वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा भरण्यास मनाई केली होती. त्या दिवशी कोर्ट भरायचे होते. ३७ गावांतून ४,६२२ माणसे आपापल्या पथकांनिशी येऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंस उभी राहिली, आणि न्यायाधीश व राजाचे अंमलदार टोप्या हातात घेऊन त्या रांगांमधून चालत गेले, मागच्यांना ऐकू यावे म्हणून थांबत थांबत तीसहून अधिक वेळा आपला राजीनामा वाचत. गोळी सुटली नाही, कोणी मेले नाही. लेक्झिंग्टनच्या सात महिने आधी त्या परगण्यात राजाचा अंमल असा संपला, आणि तो गावसभेत घडलेल्या माणसांनी संपवला.

त्याच शरद ऋतूत फिलाडेल्फियाला जमलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधींनी बहिष्काराचा जो सर्वव्यापी करार केला, त्यात गावोगाव लोकांच्या वर्तनावर पाळत ठेवणाऱ्या समित्या नेमण्याचे कलम होते. घोड्यांच्या शर्यती, कोंबड्यांच्या झुंजी, नाटके यांस मनाई; आप्ताच्या मृत्यूनंतर पुरुषाने दंडावर किंवा टोपीला काळी फीत आणि स्त्रीने काळी फीत व माळ यापलीकडे सुतकाचा पोषाख करू नये, आणि अंत्यविधीला हातमोजे व उपरणी वाटू नयेत, येथपर्यंत त्याची कलमे जातात. परसत्तेने घरात शिरू नये म्हणून उठलेल्या चळवळीने स्वतःच्या समित्या घरात, सुतकापर्यंत, शिरवल्या. विलायती चहा पिणाऱ्याचे नाव चव्हाट्यावर लागे, आणि त्याहून वाईटही घडे: जॉन माल्कम या जकातीच्या नोकराला जानेवारी १७७४ मधील कडाक्याच्या थंडीत अंगाला डांबर व पिसे फासून बोस्टनभर फिरवण्यात आले. संघटित लोकमताशिवाय बंड टिकत नाही हे मी जाणतो. पण शेजाऱ्याच्या चुलीवर काय उकळते ते पाहण्याचा अधिकार कोणालाही मिळाला की तो निर्मळ राहत नाही, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे.

आणि या घरधन्यांत सगळे समान होते असेही नाही. उत्तर कॅरोलायनाच्या अंतर्भागातील शेतकरी १७६८ पासून कोर्टाच्या कारकुनांच्या बेकायदा फी-वसुलीविरुद्ध आणि कर्जापोटी होणाऱ्या घोड्या-गुरांच्या जप्तीविरुद्ध फिर्यादी करीत होते. त्यांचा प्रतिनिधी हर्मन हस्बंड याला विधिमंडळातून काढून टाकण्यात आले, १६ मे १७७१ रोजी अलामान्स येथे गव्हर्नर ट्रायनने त्यांचा मोड केला आणि पुढे सहा जणांना हिल्सबरो येथे फाशी दिले. ट्रायनच्या त्या फौजेतील कित्येक अधिकारी चारच वर्षांनी स्वातंत्र्याचे सेनानी झाले. अनेक शेतकऱ्यांनी पुढच्या युद्धात या सेनानींच्या हाकेला ओ दिली नाही, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

घर आणि बंड यांचा संबंध सर्वांत उघडा पडला तो मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेस, शेफील्ड गावच्या कर्नल जॉन ॲशलीच्या वाड्यात. १७७३ च्या जानेवारीत या वाड्यात वरच्या दालनात बसून गावच्या प्रमुखांनी, मनुष्य निसर्गतः समान व स्वतंत्र असल्याचा ठराव तयार केला. मसुदा करणारा तरुण वकील थिओडोर सेजविक होता. त्या वाड्यात बेट नावाची एक गुलाम स्त्री राबत होती. पुढे एकदा मालकिणीने रागाच्या भरात चुलीतला तापलेला फावडा दुसऱ्या मुलीवर उगारला. बेटने मध्ये हात घातला आणि तो घाव स्वतःच्या दंडावर घेतला. ती जखम तिने झाकली नाही. कोणी विचारले तर मालकिणीलाच विचारा असे ती म्हणे. १७८० साली राज्याची घटना झाली आणि सर्व मनुष्ये जन्मतः स्वतंत्र व समान आहेत हे तिचे पहिले कलम बेटच्या कानी गेले, तेव्हा तिने त्याच सेजविककडे जाऊन, हा कायदा मला लागू होतो की नाही, असे विचारले. १७८१ मध्ये पंचांनी ती आणि ब्रॉम नावाचा दुसरा गुलाम स्वतंत्र असल्याचा निर्णय देऊन ॲशलीला ३० शिलिंग नुकसानभरपाई द्यावयास लावली. ॲशलीने पगार देऊ केला तरी ती त्या घरी परतली नाही. एलिझाबेथ फ्रीमन हे नाव तिने धारण केले.

चहा समुद्रात गेल्याला शंभर वर्षे झाली त्या साली, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी पुण्यात ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यमुक्त केले म्हणून, अर्पण केली. ही अर्पणपत्रिका १७७६ च्या पुढाऱ्यांना उद्देशून नाही, हे ध्यानात घ्यावे. जोतीरावांनी गौरव केला तो त्या बंडातल्या अपुऱ्या राहिलेल्या अर्ध्या भागाचा, जो पुरा करण्यास अमेरिकेला आणखी एक रक्तरंजित यादवी लढावी लागली. थॉमस पेनचे ग्रंथ वाचलेल्या या मराठी विचारवंताला, ब्राह्मण्याच्या घरातली चूल आणि व्हर्जिनियाच्या वाड्यातली चूल यांतले नाते दिसले होते.

त्या अपुऱ्या अर्ध्या भागाची कथा बंडाच्या काळातच सुरू झाली होती. व्हर्जिनियाचा शेवटचा शाही गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने नोव्हेंबर १७७५ मध्ये जाहीरनामा काढून बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या फौजेत येतील त्यांना मुक्ती देऊ केली. हा हुकूम त्याने करुणेपोटी काढला नव्हता. पण हजारो माणसांनी त्यावर आपले आयुष्य पणाला लावले. त्यांत खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन इस्टेटीवरचा हॅरी होता, जो आधी एकदा पळून पुन्हा पकडला गेला होता आणि १७७६ साली डनमोरच्या आरमाराकडे निघून गेला. युद्ध संपल्यावर, १७८३ मध्ये, इंग्रज सेनापती कार्लटनकडे वॉशिंग्टनने अशा पळालेल्या ‘मालमत्तेची’ मागणी केली; कार्लटनने ती मानली नाही, आणि सुमारे ३,००० काळे स्त्री-पुरुष, नावे वहीत नोंदवून, न्यूयॉर्कहून नोव्हा स्कॉशियाकडे गेले. हॅरी त्यांत होता. तेथील थंडी आणि फसवणूक सोसून १७९२ साली तो सिएरा लिओनला, आफ्रिकेत, आला, जमीन कसू लागला. तेथे लंडनच्या एका कंपनीचा अंमल होता. त्या कंपनीने नव्या वसाहतवाल्यांच्या जमिनीवर त्यांच्या संमतीवाचून सारा बसवला. १८०० मध्ये या शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध बंड केले, ते मोडले गेले, आणि पूर्वी माउंट व्हर्ननचा गुलाम असलेला हॅरी वॉशिंग्टन त्या बंडात सामील झाल्याबद्दल हद्दपार झाला.